दुधाच्या कप्प्यात

रविवारी संध्याकाळी सव्वासहा वाजता श्रुतिकाने फ्रीजर उघडला आणि आतल्या सिरिंज तिला उभ्या दिसल्या.

तिने त्या कधीच उभ्या ठेवल्या नव्हत्या. प्लास्टिकच्या चपट्या डब्यात, खाली नॅपकिनची घडी घालून, एकीला एक लागून ती त्या आडव्या ठेवायची. आज डबा जागेवर नव्हता. सिरिंज स्टीलच्या एका फुलपात्रात, टेबलावर पेनं ठेवतात तशा खोचलेल्या होत्या. फुलपात्राचं बूड बर्फाला चिकटलं होतं.

तिने एक सिरिंज ओढून काढली आणि ट्यूबलाइटसमोर धरली. आत तिच्याच अंगचा चीक होता, बाळ पोटात असतानाच थेंब थेंब काढून गोठवलेला. भरताना प्रत्येक सिरिंजमध्ये थोडी हवा राहायची. आडवी गोठवली की ती हवा कडेला लांबट, तांदळाच्या दाण्यासारखी अडकून बसे. रोज ठेवताना-काढताना ते दाणे तिच्या नजरेत पक्के बसले होते. आता हवा वर, टोपणाच्या टोकाशी गोळा झाली होती. तिच्याखाली दाट पिवळा थर, त्याखाली पांढुरकं पाणी. तिने दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्या तशाच.

गोठलेल्या दुधातली हवा जागची हलत नाही. ती हलायची तर आधी दूध वितळावं लागतं. म्हणजे कुणीतरी या सिरिंज वितळू दिल्या होत्या, मग पुन्हा गोठवायला ठेवल्या होत्या, आणि तिला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नर्सिंग होममध्ये दाखल व्हायचं होतं. सिझेरियन ठरलेलं होतं.

"आई," तिने हाक मारली. "जरा इकडे या."

प्रेमाताई, तिच्या सासूबाई, बाहेरच्या खोलीत वाती वळत बसल्या होत्या. त्या हात पुसत आत आल्या.

"माझ्या सिरिंजना कुणी हात लावला?"

"कुणी नाही. कोण लावणार?"

"डबा कुठे आहे?"

"बाईने घासून कुठेतरी ठेवला असेल. काल केवढी भांडी पडली होती."

"डब्यात सिरिंज होत्या. त्या बाईने एकेक काढून फुलपात्रात लावल्या, आणि मग डबा घासला?"

"मला काय विचारतेस? मी तुझ्या त्या वस्तूंकडे बघत पण नाही."

हे मात्र खरं होतं. दोन आठवडे प्रेमाताई फ्रीजर उघडताना मान दुसरीकडे वळवत. मटार काढायचे तरी आधी हात आत, मग नजर.

पहिल्या दिवशी त्यांनी एकदाच विचारलं होतं. पंतनगरात चाळीस वर्षं काढून त्यांची भाषा मुंबईची झाली होती, पण चिडल्या की कणकवलीकडची यायची. "गाभणी गाय व्यायच्या आधी कोण पिळता काय गो?"

"मी गाय नाही, आई."

"गायचो चीक तरी शेजारपाजारी वाटतत. तुझो कोणाक वाटतलंस?"

श्रुतिका तेव्हा हसली होती. हसण्याइतकी खात्री तिच्याकडे तेव्हा होती.

खात्री यायला चार वर्षं लागली होती. राधा झाली तेव्हा श्रुतिकाची शुगर वाढलेली होती. अशा आईच्या बाळाची साखर जन्मल्यावर एकदम खाली येऊ शकते, हे तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं. राधाची आली. तिला नर्सरीत नेलं, पावडरचं दूध दिलं, बाटलीने दिलं. तीन दिवसांनी लेक हातात आली तेव्हा ती छातीला तोंड लावायची आणि चेहरा फिरवून रडायची. श्रुतिकाची छाती दगडासारखी झाली, ताप आला, आणि मग हळूहळू सगळं आटलं. सुवासिनी अळिवाची खीर घेऊन येत आणि प्रेमाताई दारातच त्यांना सांगत, "काय करणार, तिला दूधच आलं नाही." शब्द न शब्द तोच. लिफ्टमध्ये, गच्चीवर, वाण्याकडे. वर्षभरात श्रुतिकालाही तो पाठ झाला. एकदा ती स्वतःच डॉक्टरांना म्हणाली, "मला दूध येत नाही." डॉक्टरांनी मान डोलावली.

या वेळी पुन्हा शुगर निघाली, सातव्या महिन्यात इन्सुलिन सुरू झालं. पण या वेळी नर्सिंग होममध्ये संघमित्रा सिस्टर होत्या. स्तनपानाचं समजावून सांगायचं काम त्यांच्याकडे. टेबलावर लोकरीने विणलेला एक स्तन ठेवलेला असायचा, त्यावर त्या बोटं कुठे ठेवायची ते दाखवत. शेजारी नवरा बसलेला असला तर त्यालाही दाखवत. हर्षद लाजून खिडकीबाहेर बघत राहिला होता.

"मॅडमनी परवानगी दिलीय," सिस्टर म्हणाल्या होत्या. "छत्तिसावा आठवडा संपला की सुरू करा. दिवसातून दोन-तीन वेळा, थोडा वेळ. पोट आवळल्यासारखं वाटलं की थांबायचं, आणि फोन करायचा. जे निघेल ते सिरिंजमध्ये. बाळाची शुगर खाली आली तर पहिल्यांदा हे देता येतं. पावडर लागणारच नाही असं मी म्हणत नाही. पण पहिला घास तुमचा असेल."

पहिल्या दिवशी फक्त ओल आली. दुसऱ्या दिवशी एक थेंब, हळदीच्या दुधासारखा, बोटाला चिकटून राहिलेला. तो सिरिंजमध्ये जाईना. श्रुतिका न्हाणीघरात प्लास्टिकच्या स्टुलावर बसून त्या थेंबाकडे बघत राहिली. मग एक दिवस सिरिंजचा तळ भरला. मग अर्धी. मग एका वेळेला एक. चार वर्षं तिच्या तोंडावर बोललं गेलेलं वाक्य खोटं होतं, आणि त्याचा पुरावा फ्रीजरमध्ये आडवा पडला होता.

तोच आता उभा होता.

लॅच वाजला. हर्षद आला. अंधेरीला एमआयडीसीतल्या पॅकेजिंग कंपनीत तो नोकरीला होता. बाळंतपणासाठी आठवड्याची रजा टाकली होती. हातात थर्मोकोलचा छोटा डबा होता, मेडिकलवाले इन्सुलिन द्यायला वापरतात तसला.

"हा बघ, बरोबर मिळाला. दोन जेलपॅक पण दिलेत त्याने," तो म्हणाला. मग तिच्या हातातली सिरिंज पाहिली आणि डबा ओट्यावर ठेवायला जरा जास्तच वेळ लावला.

"हर्षद, या वितळल्यात."

"वितळल्यात? अजिबात नाही. दगड आहेत."

"आता आहेत. मध्ये वितळल्या होत्या."

"लाइट गेली असेल रात्री."

"मायक्रोवेव्हचं घड्याळ बरोबर आहे. लाइट गेली की ते बारावर येऊन लुकलुकतं."

"मग फ्रीजचं दार नीट लागलं नसेल. काल एवढ्या बायका होत्या घरात. तू आता टेन्शन घेऊ नकोस ना यार. उद्या ऑपरेशन आहे."

प्रेमाताई लगेच म्हणाल्या, "तेच मी म्हणते."

श्रुतिकाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांचं एकमत सहसा इतक्या लवकर होत नसे.

काल शनिवारी तिचं डोहाळजेवण झालं होतं. खरं तर सातव्या महिन्यात व्हायचं, पण भावकीत कुणी वारलं आणि सुतक आलं. ते फिटेपर्यंत आठवा लागला. आठव्यात करत नाहीत. मग नववा. श्रुतिका नको म्हणाली होती, दाखल व्हायला दोनच दिवस होते. प्रेमाताईंनी ऐकलं नाही. राधाला बोरिवलीला मावशीकडे पाठवलं, हिरवी साडी आली, फुलांचे दागिने आले, आणि वीस-पंचवीस बायका घरभर बसल्या. शेवटी आइस्क्रीम होतं. श्रुतिकाला झोपाळ्यासारख्या सजवलेल्या खुर्चीतून कुणी उठू दिलं नाही. फ्रीजरकडे ती दिवसभर फिरकली नव्हती. रात्री पाय इतके सुजले होते की ती तशीच झोपली. आणि आज दुपारपर्यंत प्रेमाताईंनी तिला अंथरुणातून उठू दिलं नव्हतं. "पड गो जरा. मी आहे ना स्वयंपाकघरात." प्रेमाताईंच्या तोंडून आलेली ही माया तिने मुकाट्याने घेतली होती.

दार लोटलेलंच होतं. शेजारच्या शेवंतीकाकू चप्पल न काढताच आत डोकावल्या.

"झाली का बॅग भरून? घे, हा तुमचा डबा राहिला होता माझ्याकडे. आत नॅपकिन आहे, धुतलाय मी."

प्लास्टिकचा चपटा डबा होता.

कुणी हात पुढे केला नाही. काकूंनी तो ओट्यावर ठेवला. "काल रात्री हर्षद नुसतं दूध घेऊन गेला ना. डबा ओलागच्च होता, म्हटलं पुसून देते. काय झालं? सगळे असे का उभे?"

"काकू," श्रुतिका म्हणाली, "तुम्ही हे कुठे ठेवलं होतं?"

"फ्रीजमध्ये. सकाळी प्रेमा कापडी पिशवीत गुंडाळून घेऊन आली. म्हणाली, दूध आहे, पाहुणे जाईपर्यंत राहू दे. मग मी दुधाच्या कप्प्यात ठेवलं. पिशव्यांच्या शेजारी."

"फ्रीजरमध्ये नाही?"

"फ्रीजरमध्ये सुरमई आहे. आणि दूध कोण फ्रीजरमध्ये ठेवतं गं?" काकूंनी प्रेमाताईंकडे पाहिलं. "नासलं का? तू मला बोलली नाहीस काही, प्रेमा. बर्फात ठेव म्हणाली असतीस तर सुरमई काढून ठेवली असती बाहेर."

"तुम्ही जा, काकू," हर्षद म्हणाला. "मी येतो नंतर."

"जाते. पण माझ्या माथी मारू नका काही." काकू दार न लावता गेल्या. दार श्रुतिकाने लावलं. परत येताना तिने ओट्याचा आधार घेतला, कारण पोट आवळलं होतं. ते सुटेपर्यंत ती थांबली.

"सकाळपासून रात्रीपर्यंत," ती म्हणाली. "का, आई?"

"घरात एवढ्या बायका. आइस्क्रीम काढायला कोणीही फ्रीजर उघडणार. त्यांना ते दिसलं असतं म्हणजे? काय सांगायचं होतं मी? सुनेने मूल होण्याआधीच दूध काढून ठेवलंय? तुझीच अब्रू गेली असती."

"माझी?"

"घराची."

"राधाच्या वेळी मला दूध आलं नाही, हे तुम्ही बिल्डिंगभर सांगत फिरलात. वाण्याला सांगितलंत. तेव्हा घराची अब्रू गेली नाही. आता दूध आलंय, तर ते पिशवीत गुंडाळून लपवायचं."

प्रेमाताईंचा चेहरा उतरला. मग ताठ झाला. "मी काय तुझ्या पोराचा वायट चिंतलंय? मी दोन पोरा वाढवलंय. माका शिकवू नको."

"शेवंतीकाकूंना तुम्ही फ्रीजरमध्ये ठेव एवढं पण सांगितलं नाहीत. कारण मग त्यांनी विचारलं असतं, का म्हणून."

प्रेमाताई बाहेर गेल्या आणि पुन्हा वाती वळायला बसल्या.

हर्षद तिथेच होता. श्रुतिकाने त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तिचा आवाज आणखी खाली आला होता. बारा वर्षांच्या ओळखीत हर्षदने हा आवाज दोनदाच ऐकला होता.

"तुला काल रात्री कळलं."

"आई म्हणाली, शेवंतीकाकूंकडून दूध घेऊन ये. मी आणलं. थंड होत्या गं. आत बर्फ होता थोडा."

"तू पाहिलास बर्फ?"

"हाताला थंड लागल्या."

"पाहिलास का?"

"नाही."

"आणि मला उठवलं नाहीस."

"तू दमली होतीस. तुझं बीपी वाढलं असतं. मला वाटलं, परत घट्ट झालं की झालं. त्यात काय एवढं."

"काल रात्री सांगितलं असतंस तर आज दिवसभर मी पुन्हा काढलं असतं. आख्खा दिवस होता माझ्याकडे. तू आणि तुझी आई मला पडून राहा, पडून राहा करत होतात. मी त्याला काळजी समजत होते."

त्याने संघमित्रा सिस्टरांना फोन लावून दिला. सिस्टर घरी होत्या, मागे कुकरची शिट्टी होत होती. त्यांनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं.

"दुधाच्या कप्प्यात दिवसभर म्हणजे पूर्ण वितळलं असणार," त्या म्हणाल्या. "एवढ्याशा सिरिंज असतात त्या. वितळलेलं दूध एका दिवसाच्या आत पाजायचं असतं, पुन्हा गोठवायचं नसतं. मी तुम्हाला ते वापरा असं सांगू शकत नाही."

"विष झालंय का ते?"

"नाही, विष नाही. बऱ्याचदा काही होणारही नाही. पण बाळ काही तासांचं असणार, आणि मी त्याच्यावर पैज लावणार नाही. श्रुतिका, दूध तुमच्याकडे आहे. ते त्या सिरिंजमध्ये नव्हतं, तुमच्यात होतं. आज रात्री, उद्या सकाळी जेवढं निघेल तेवढं काढा. पोट आवळलं तर थांबा. बाळ झाल्यावर लगेच छातीला लावायला सांगा. मी उद्या सुट्टीवर आहे, पण ड्यूटीवरच्या सिस्टरला सांगून ठेवते."

फोन स्पीकरवर होता. हर्षदने शब्द न शब्द ऐकला.

"टाकून दे त्या," श्रुतिका म्हणाली.

"सगळ्या?"

"सगळ्या. मला टाकवणार नाहीत."

त्याने फुलपात्र उचललं. ती न्हाणीघरात गेली, स्टुलावर बसली, कोमट टॉवेल लावला. बाहेर ओट्यावरचा नळ सुटल्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला, मग बंद झाला. तिच्या बोटांखाली काहीच येत नव्हतं. राग आला की दूध येत नाही, हे सिस्टरांनी लोकरीच्या स्तनासमोर सांगितलं होतं. सांगणं सोपं होतं. तिने भिंतीवरच्या टाइल्सकडे पाहिलं, राधाच्या टबातल्या रबरी बदकाकडे पाहिलं, आणि शेवटी रागाला जाऊ देण्याचा प्रयत्नच सोडून दिला. राग घेऊनच बसली.

सोमवारी सकाळी उजाडताना दूध आलं. दोन सिरिंज भरल्या, दुसरी जेमतेम. तिने त्या राधाच्या डब्यातल्या चटणीच्या डबीत ठेवल्या, डबीला राधाच्या वेणीचा लाल रबर गुंडाळला, आणि डबी स्वतःच्या हाताने थर्मोकोलच्या डब्यात घातली. त्या वेळी डब्यात दोन जेलपॅक होते, बाकी काही नव्हतं. रिक्षात बसताना डबा हर्षदने हातात घेतला.

ऑपरेशन वेळेवर झालं. मुलगी झाली. पडद्याच्या वरून कुणीतरी तिचं ओलं, चिडलेलं तोंड श्रुतिकाच्या गालाला लावलं. सिस्टर तिला छातीशी आणत होती तेवढ्यात बालरोगतज्ज्ञ म्हणाले, "आधी शुगर बघू." टाचेला टोचलं. आकडा अडतीस आला. बाळाला नर्सरीत घेऊन गेले.

अर्ध्या तासाने तिला रिकव्हरीत आणलं, तेव्हा हर्षद आत आला. त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"झकास आहे पोरगी. तीन किलोच्या वर. नाक आईचं आहे."

"शुगर?"

"कमी होती जरा. दूध दिलंय. तुझंच. पावडर नाही दिली, मी सांगितलं त्यांना."

काल संध्याकाळपासून तिच्या जबड्यात घट्ट बसलेलं काहीतरी सैल झालं. तिने त्याचं मनगट धरलं. "डबीतलं ना?"

"हो," हर्षद म्हणाला.

तिला डुलकी लागली. जाग आली तेव्हा खोलीत हलवलं होतं. दुपार उतरत होती. कॉरिडॉरमध्ये प्रेमाताईंचा आवाज येत होता, त्या आयाबाईंना बर्फी वाटत होत्या. "दुसरी पण लक्ष्मीच," त्या सांगत होत्या, आणि ते मनापासून होतं. ड्यूटीवरची सिस्टर बाळाला घेऊन आली. तरुण होती, हात चटपटीत.

"दुसरी शुगर बावन्न आली," ती म्हणाली. "आता छातीला लावून बघू. आणलेलं दूध आहे ना अजून थोडं? तोंडाला चव लागली की ओढेल ती."

"डब्यात बघा. डबीत एखादी उरली असेल."

सिस्टरने थर्मोकोलचा डबा पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवून उघडला. चटणीची डबी काढली. लाल रबर श्रुतिकाने गुंडाळला होता तसाच होता, तिसरा वेढा आडवा. सिस्टरने तो काढला. आत दोन्ही सिरिंज होत्या. एक भरलेली, एक जेमतेम.

डबीखाली, दोन जेलपॅकांच्या मध्ये, एक प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात बाकीच्या सिरिंज होत्या, हवा टोपणाशी गोळा झालेल्या.

"सिस्टर, मघाशी बाळाला कुठल्या दिल्या?"

"या पिशवीतल्या. तुमच्या मिस्टरांनीच काढून दिल्या. गोठलेल्या होत्या, हातात धरून वितळवल्या. छान प्यायली."

श्रुतिकाने उठायचा प्रयत्न केला. कमरेखाली अजून स्वतःचं काही जाणवत नव्हतं. ती पडून राहिली, आणि पडूनच, पायरीपायरीने सगळं सांगितलं. शनिवार, शेजारचा फ्रीज, पुन्हा गोठवणं, फोन. सिस्टरचे हात थांबले.

"हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. संघमित्रा सिस्टर फक्त छातीला लावायचं बोलल्या होत्या."

"मी टाकायला सांगितल्या होत्या. त्याला आत बोलवा."

हर्षद आला. उघडा डबा, पलंगावरची डबी, पिशवी त्याने पाहिली. कुणी काही विचारायच्या आधीच तो बोलायला लागला.

"तू इतक्या कष्टाने काढलं होतंस. मी नळ सोडला, पण मला टाकवेना. सकाळी पिशवी घातली डब्यात, म्हटलं असू दे. मग ती सिस्टर बाहेर आली, शुगर कमी आहे म्हणाली, दूध द्या म्हणाली. डबीत दोनच होत्या. पुरलं नाही तर पावडर देतील असं वाटलं. तुलाच पावडर नको होती ना?"

"मला विचारायचं."

"तू टेबलवर होतीस. पोट उघडं होतं तुझं."

"सकाळी रिक्षात नव्हतं."

"तू नाही म्हणाली असतीस," तो म्हणाला.

"हो. नाहीच म्हणाले असते."

"बावन्न आली ना पण शुगर? तुझ्याच दुधाने आली."

"मी विचारलं, डबीतलं ना. तू हो म्हणालास." ती एका संथ सुरात बोलत होती, दारात आलेल्या प्रेमाताई तो सूर ऐकून तिथेच थबकल्या. "शनिवारी तुझ्या आईने ठरवलं. रात्री तू ठरवलंस. आज पुन्हा तू. दूध माझं, पोर माझी, आणि मला सगळं शेवटी कळतं. बाहेर जा, हर्षद."

"श्रुती, ऐक."

"सिस्टर, मी सांगेपर्यंत यांना आत सोडू नका. दोघांनाही."

प्रेमाताईंच्या हातात बर्फीचा बॉक्स होता. "माझा काय चुकला आता?" त्या म्हणाल्या, पण हळू, आणि हर्षदच्या मागोमाग बाहेर गेल्या.

सिस्टरने बाळाला श्रुतिकाच्या कुशीत ठेवलं. डबीतल्या भरलेल्या सिरिंजमधून श्रुतिकाने स्वतः दोन थेंब तिच्या ओठांवर सोडले. बाळाने जीभ बाहेर काढली, चव घेतली, तोंड फिरवलं. राधासारखंच. श्रुतिका थांबली, पुन्हा दोन थेंब सोडले. या वेळी तोंड उघडलं, स्तनाला लागलं, तीन-चार वेळा ओढलं आणि सुटलं.

"पहिल्या दिवशी असंच असतं," सिस्टर म्हणाली. "पुन्हा लावू."

चार वाजून गेल्यावर बाळाने थोडी गुळणी टाकली. सिस्टरने दुपटं बदललं, वास घेतला, लिहून ठेवलं. नवजात बाळं टाकतात, असं ती म्हणाली. त्या सिरिंजमुळे का, असं विचारल्यावर, आत्ताच काही सांगता येणार नाही, असंही म्हणाली. पिशवीतल्या उरलेल्या सिरिंज तिने वॉर्डच्या फ्रीजमध्ये वेगळ्या ठेवल्या, वर 'देऊ नये' असं लिहून. डॉक्टरांना फोन झाला. बाळाला उद्या सकाळपर्यंत नजरेखाली ठेवायचं ठरलं. डॉक्टर सातच्या राउंडला येऊन बघणार आहेत.

सव्वापाच वाजता तिसऱ्या तपासणीसाठी बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन या वेळी लॅबला पाठवलं. आकडा अजून आलेला नाही. हर्षद खोलीबाहेरच्या बाकावर बसून आहे.